वाटीभर तेल आणि स्वदेशीची कसोटी

मार्गशीर्ष लागला की सह्याद्रीच्या पूर्वेकडील पठारावरची हवा कोरडी होऊ लागते. कोकणात समुद्राचा दमटपणा त्वचेला सांभाळून घेतो. घाट चढून वर आले की तो आधार सुटतो. पुणे परिसरात डिसेंबर-जानेवारीत पारा अनेकदा दहा अंशांखाली उतरतो, आणि ओठ फुटणे, हातापायांवर पांढुरके चरे उमटणे, टाचांना भेगा पडणे हे घरोघरचे दुखणे होऊन बसते. वाकडसारख्या नव्या नागरी वसाहतीत त्यात आणखी भर पडते. सकाळी गिझरचे कढत पाणी, अनेक गृहसंकुलांत टँकरने वा कूपनलिकेतून येणारे क्षारयुक्त जड पाणी, आणि त्यानंतर हिंजवडीच्या वातानुकूलित कार्यालयात आठ-दहा तासांची बैठक. त्वचा कोरडी पडावी याची जणू संपूर्ण व्यवस्थाच नव्या जीवनशैलीने करून ठेवली आहे.

या व्यवस्थेवरचा उपायही तीच जीवनशैली विकते. स्नानगृहातील फळीवर अंगाचे निराळे, चेहऱ्याचे निराळे, हातांचे निराळे, टाचांचे निराळे आणि बाळाचे तर सर्वस्वी निराळे मलम उभे असते. ज्या घरात एकेकाळी कोमट तेलाची एक वाटी आजीपासून नातवापर्यंत सर्वांना पुरत असे, तेथे आता पाच बाटल्याही अपुऱ्या पडतात. विषय किरकोळ वाटेल. परंतु एखादा समाज आपले रोजचे ज्ञान कसे गमावतो, आणि ते परत मिळवू पाहताना कोणत्या चुका करतो, हे समजून घेण्यास तेलाच्या वाटीइतके सोपे उदाहरण सापडणे कठीण आहे.

गावठाण ते गृहसंकुल

वाकड हे मुळेच्या काठचे शेतकरी गाव. म्हातोबा हे त्याचे ग्रामदैवत, आणि चैत्री पौर्णिमेला हिंजवडीहून वाकडला येणारे बगाड ही या परिसराची जुनी ओळख. १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले, शेजारी माहिती तंत्रज्ञान नगरी उभी राहिली आणि दोन दशकांत शेतांच्या जागी बहुमजली इमारती आल्या. या इमारतींत विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कोकण आणि देशाच्या अन्य प्रांतांतून आलेली कुटुंबे राहतात. प्रत्येकाच्या मूळ घरी हिवाळ्याची स्वतःची रीत होती. सोलापूर-मराठवाड्याकडे करडईचे, विदर्भात जवसाचे, कोकणात खोबरेल आणि आमसुलाच्या बियांचे घट्ट तेल, तर तिळाचे सर्वत्र. जे पिकते तेच अंगाला लागते, असा हा सरळ हिशेब होता.

स्थलांतरात माणसे आली, सामान आले. ही रीत मात्र वाटेत गळून पडली. याचा दोष एकट्या नव्या पिढीला देणे अन्यायाचे होईल. तेल लावून ते जिरेपर्यंत थांबायला वेळ लागतो, अंग चोळून घ्यायला घरात दुसरे माणूस लागते, आणि ‘हे असेच का’ या प्रश्नाला उत्तर देणारी वडीलधारी व्यक्ती लागते. दोघेही नोकरीला जाणाऱ्या विभक्त कुटुंबात या तिन्ही गोष्टी दुर्मीळ झाल्या. अभ्यंग वर्षातून एकदा, नरकचतुर्दशीच्या पहाटे उरला. तोही अनेक घरांत बोटभर तेल आणि उटण्याची पुडी एवढ्यापुरता. वस्तुतः दिवाळीचे अभ्यंगस्नान ही संपूर्ण शीतकाळाच्या दिनचर्येची सुरुवात आहे. प्रारंभाचा सोहळा राहिला आणि पुढचे चार महिने विसरले गेले.

स्नेहाचे शास्त्र

आयुर्वेदात तेला-तुपाला ‘स्नेह’ म्हणतात आणि मायेलाही तोच शब्द आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात दिनचर्या सांगताना मातीचा घडा, कातडे आणि गाडीचा आस यांची उपमा दिली आहे. तेल मुरले की या तिन्ही वस्तू बळकट होतात व झीज सोसतात, तसेच शरीराचे होते, असा तिचा आशय. वाग्भटाने अष्टांगहृदयात अभ्यंग नित्य करावा आणि डोके, कान व तळपाय यांकडे विशेष लक्ष द्यावे असे सांगितले. हेमंत ऋतूच्या चर्येत तर त्याला मानाचे स्थान दिले. त्याच ठिकाणी कफाचा विकार किंवा अजीर्ण असताना अभ्यंग करू नये, असा निषेधही आहे. कोठे थांबावे हेही हे शास्त्र सांगते, ही बाब उत्साही पुरस्कर्त्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आधुनिक त्वचाविज्ञान हीच गोष्ट वेगळ्या भाषेत मांडते. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी या विटा आणि त्यांमधील स्निग्ध द्रव्य हा गिलावा. थंड, कोरडी हवा आतील पाणी ओढून घेते. कढत पाणी आणि तीव्र साबण हा गिलावाच धुऊन टाकतात. मग भिंतीला चिरा पडतात. तेल त्वचेला पाणी देत नाही. आतले पाणी उडून जाऊ देत नाही. म्हणूनच स्नानानंतर अंग टॉवेलने खरखरून कोरडे करण्यापेक्षा टिपून घ्यावे आणि त्वचा ओलसर असतानाच तेलाचा पातळ हात फिरवावा. आधी तेल, मग साबणाऐवजी डाळीच्या पिठाचे उटणे आणि कोमट पाणी, या जुन्या क्रमात तेलाचा एक पातळ थर अंगावर शिल्लक राहतो. यामागचे कारण आजीला शास्त्रीय परिभाषेत सांगता आले नसते. परंतु तिची कृती बरोबर होती.

याला प्रयोगांचा आधारही आहे. फिलिपिन्समधील संशोधकांनी २००४ साली कोरड्या त्वचेच्या ३४ रुग्णांवर खोबरेल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली; दोन्ही सारखीच परिणामकारक व सुरक्षित ठरली. ढाक्यातील रुग्णालयात मुदतपूर्व जन्मलेल्या बालकांच्या त्वचेला सूर्यफुलाचे तेल लावले असता रुग्णालयात होणाऱ्या जंतुसंसर्गाचे प्रमाण सुमारे ४१ टक्क्यांनी घटले, असे २००५ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. याउलट, उत्तर भारतात बाळांना सर्रास लावले जाणारे मोहरीचे तेल प्राण्यांवरील प्रयोगांत त्वचेचे आवरण सावरण्यास विलंब लावते असे आढळले. परंपरेतील प्रत्येक गोष्ट तपासून घ्यावी लागते, आणि तपासल्यावर तिच्यातील बराच भाग टिकतो, हा या प्रयोगांचा बोध होय.

बहिष्कारापलीकडचे स्वदेशी

खनिज तेलापासून निघालेली व्हॅसलीन अमेरिकेत १८७२ च्या सुमारास पेटंट घेऊन बाजारात आली. ती विदेशी आहे म्हणून निरुपयोगी आहे, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्वचेतील पाणी रोखण्याचे काम ती उत्तम करते. प्रश्न उपयुक्ततेपेक्षा परावलंबनाचा आहे. स्वदेशी चळवळीतील पूर्वसूरींना हे नेमके उमगले होते. १९०५ च्या बहिष्कारानंतर ते परदेशी मालाच्या होळ्या करून थांबले नाहीत. वाकडपासून फार दूर नसलेल्या तळेगाव दाभाडे येथे अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून १९०८ साली काच कारखाना उभा राहिला. लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून उभारलेले ते स्वावलंबन होते. कोलकात्यात गौरमोहन दत्त यांनी १९२९ साली बोरोलीन सुरू केले, तेव्हा इंग्रजी मलमाला तोडीस तोड देशी मलम देणे हाच हेतू होता. केशव विष्णु पेंढरकरांनी १९५२ साली परळमध्ये व्हिकोचा पाया घातला. पुण्यातील आयुर्वेद संशोधनालयाचे कैलास जीवन आजही असंख्य मराठी घरांच्या कपाटात असते. या सर्वांनी विदेशी वस्तूला शिव्या देण्यापेक्षा तिच्याहून चांगली वस्तू बनविण्यावर श्रम खर्च केले.

आज चित्र गुंतागुंतीचे आहे. बहुराष्ट्रीय कंपन्यांनीच ‘हर्बल’, ‘आयुर्वेदिक’ हे शब्द उचलले आहेत. चंदन, हळद, केशर यांची चित्रे वेष्टनावर आणि आत बहुतांश तेच जुने मिश्रण! पाश्चात्त्य म्हणून नाकारलेली वस्तू भारतीय वेष्टनात परत येते आणि ग्राहक समाधानाने दुप्पट दाम मोजतो. वेष्टनावरील चित्र पाहून स्वदेशी ठरत नसते. पैसा कोणत्या शेतात, कोणत्या घाण्यावर आणि कोणाच्या हातांत पोहोचला, हे पाहिल्यावर ते ठरते.

या दृष्टीने पिंपरी-चिंचवडच्या रस्त्यांवर गेल्या काही वर्षांत परत दिसू लागलेला लाकडी घाणा ही स्वागतार्ह गोष्ट आहे. १९३४ साली वर्ध्यात स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने मगनवाडीत घाण्यावर प्रयोग केले. झवेरभाई पटेल यांनी घाणीची रचना सुधारली. ग्रामोद्योग टिकायचा तर तो कार्यक्षमही झाला पाहिजे, ही त्यामागची दृष्टी. आज बैलाची जागा विजेच्या मोटारीने घेतली, तरी डोळ्यांसमोर निघणारे तेल आणि बाजूला पडणारी पेंड ग्राहकाला विश्वास देते. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आयात करावे लागते. महाराष्ट्र हे करडईचे पारंपरिक माहेर. पण भाव आणि मजुरी यांच्या कात्रीत तिचे क्षेत्र सातत्याने आक्रसत गेले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने करडईचे काटे नसलेले वाण विकसित केले, तरी मागणीच नसेल तर शेतकरी ते का पेरील? वाकडच्या घरात येणारी करडईच्या वा तिळाच्या तेलाची प्रत्येक बाटली या प्रश्नाचे छोटेसे उत्तर असते.

घरातील तीन कृती

हिवाळ्यासाठी घरी करण्याजोग्या तीन कृती पुरेशा आहेत. पहिली अभ्यंगाची. तिळाचे किंवा खोबरेल तेल वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्यात ठेवावी. तेल थेट विस्तवावर तापवू नये. स्नानापूर्वी अर्धा तास ते अंगाला, विशेषतः तळपायांना लावावे आणि पाणी कोमटच वापरावे. रोज जमत नसेल तर रविवारी सर्व कुटुंबाने करावे.

दुसरी कृती मेणाच्या मलमाची. आयुर्वेदात ‘सिक्थतैल’ या नावाने हे मिश्रण परिचित आहे. एक भाग मधमाश्यांचे मेण आणि पाच ते सहा भाग तिळाचे तेल वजनावर मोजून घ्यावे. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात भांडे ठेवून मेण वितळेपर्यंत ढवळावे आणि पूर्ण कोरड्या काचेच्या वा स्टीलच्या डबीत ओतावे. ओठ, हात, कोपर, सर्वांना ते चालते. मेण मात्र खात्रीचे हवे. बाजारात मेण म्हणून पुष्कळदा मेणबत्तीचे पॅराफिन हाती येते. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे आणि महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. खरे मेण मिळवायचे तर मधपाळाशीच नाते जोडावे, हे उत्तम.

तिसरी कृती टाचांच्या भेगांची. रातांब्याच्या बियांपासून कोकणात जे घट्ट तेल काढतात, त्यास मुठेल किंवा भिरंडेल म्हणतात. ते साध्या तपमानाला घट्ट राहते आणि अंगाच्या उबेजवळ विरघळू लागते. रात्री पाय दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात ठेवून टिपावेत, भेगांत मुठेल भरावे आणि सुती मोजे घालून निजावे. काही रात्रींत फरक जाणवतो. पाण्याने शंभर वेळा धुतलेले शतधौत घृतही उत्तम आहे. परंतु त्यात पाण्याचा अंश राहत असल्याने ते थोडेच करावे आणि ताजे वापरावे.

शुद्धतेची जबाबदारी

येथेच या विषयाचा कळीचा मुद्दा येतो. वाकड, पिंपळे सौदागर, रावेत परिसरातील अनेक गृहिणी आणि महिला बचत गट आता अशी मलमे करून विकू लागले आहेत. पवनाथडी जत्रेसारख्या उपक्रमांमुळे बचत गटांना बाजारपेठही मिळते. या उद्यमशीलतेचे कौतुकच व्हायला हवे. परंतु ‘घरगुती आहे म्हणजे शुद्ध आहे’ आणि ‘नैसर्गिक आहे म्हणजे निरुपद्रवी आहे’ ही दोन वाक्ये जाहिरातीइतकीच फसवी आहेत.

तेल आणि मेण यांच्या मिश्रणात पाणी नसल्याने त्यात जंतू सहसा वाढत नाहीत. त्यात कोरफडीचा गर, गुलाबपाणी किंवा दूध मिसळले की काही दिवसांतच ते दूषित होऊ शकते, मग डबीवरचे शब्द कितीही सात्त्विक असोत. लिंबाचा रस वा साल चोळून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी काळवंडते. कापूर तान्ह्या बाळासाठी विषारी ठरू शकतो. सुगंधी अर्कांनी अनेकांना पुरळ उठते. म्हणून कोणतेही नवे मलम प्रथम कोपराच्या आतील बाजूस लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. इसब, सोरायसिस, पू झालेली भेग हे वैद्य वा डॉक्टरांचे क्षेत्र आहे; तेथे घरगुती डबीने हस्तक्षेप करू नये.

कायद्याचेही भान हवे. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम यांनुसार विक्रीसाठी प्रसाधने बनविण्यास परवाना लागतो. वेष्टनावर घटक, निर्मितीची व वापराच्या मुदतीची तारीख, तुकडी क्रमांक असावा लागतो. ‘आपल्याच भगिनींचा माल, त्याला कसला कागद?’ ही वृत्ती भावनिकदृष्ट्या कितीही गोड वाटली, तरी ती त्याच भगिनींचे नुकसान करते. एका दूषित डबीने दहा प्रामाणिक गटांवरील विश्वास उडतो आणि ग्राहक पुन्हा मोठ्या कंपनीच्या बाटलीकडे वळतो. चार-पाच गटांनी एकत्र येऊन एक परवाना, एक स्वच्छ निर्मितीकक्ष आणि एक प्रशिक्षित पर्यवेक्षक ठेवणे अशक्य नाही. सेवासंस्था आणि सुशिक्षित कार्यकर्ते यांनी नेमकी येथेच मदत करायला हवी.

हळदीच्या पेटंटची कथा या संदर्भात आठवावी. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. तो विजय घोषणांनी मिळाला नाही. जुन्या संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतील लेखी संदर्भ शोधून, अनुवाद करून, एकेक पुरावा मांडावा लागला. आजीच्या ज्ञानाला पेटंट कार्यालयापुढे उभे करण्यासाठी अभ्यासकाचे कष्ट लागले. मलमाच्या डबीवर तारीख लिहिणे हे त्याच शिस्तीचे छोटे रूप आहे.

राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने शताब्दीच्या निमित्ताने मांडलेल्या पंचपरिवर्तनात ‘स्व’चा बोध आणि नागरी कर्तव्य या दोन गोष्टी शेजारी-शेजारी आहेत. घरी मलम बनविणाऱ्याला पहिली सहज पटते. दुसरी तितकीच आवश्यक आहे, हे विसरून चालणार नाही.

स्नेह कोणापर्यंत?

आणखी एक प्रश्न उरतो आणि तो अधिक गंभीर आहे. हिवाळा वाकडच्या बाराव्या मजल्यावर येतो, तसाच त्या इमारतीच्या फाटकावरही येतो. पहाटे पाचला थंडीत बसलेला सुरक्षारक्षक, दिवसभर धुण्या-भांड्याच्या पाण्यात हात असलेली मदतनीस ताई, सिमेंट कालवणारा बांधकाम मजूर, भोसरी-चाकणच्या कारखान्यात यंत्राच्या तेलाने आणि थिनरने हात धुणारा कामगार, यांच्या त्वचेवर हिवाळा दुप्पट कठोर असतो. यांच्या टाचेची भेग म्हणजे उघडी जखम असते. तीतून जंतू आत शिरतात. त्यात मधुमेह असेल आणि पायाची संवेदना कमी झाली असेल, तर दुर्लक्षित भेग पाय गमावण्यापर्यंत नेऊ शकते. त्यांच्या दृष्टीने त्वचेची निगा हा सौंदर्याचा विषय नसून रोजगाराचा आणि आरोग्याचा विषय आहे.

चिंचवडच्या पुनरुत्थान समरसता गुरुकुलमात पद्मश्री गिरीश प्रभुणे यांनी भटक्या-विमुक्त समाजातील मुलांच्या शिक्षणाला परंपरागत कौशल्यांची जोड दिली. ज्या समाजाकडे ज्ञान आहे त्याला सन्मान द्यावा, ही त्यामागची भूमिका. तेलाच्या बाबतीतही तेच आहे. बाळ-बाळंतिणीला मालिश करणाऱ्या बाईंकडे, घाणेवाल्याकडे, वनवासी पाड्यांवर मेण आणि मध गोळा करणाऱ्यांकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. तो विकत घेताना घासाघीस करायची आणि विदेशी बाटलीला छापील दाम मोजायचे, हा व्यवहार समरसतेच्या भाषणांशी सुसंगत नाही.

या हिवाळ्यात एखाद्या गृहसंकुलातील चार कुटुंबांनी एकत्र येऊन एक किलो मेणाचे मलम बनवावे, मोजून, स्वच्छ हातांनी, तारीख घालून. निम्मे घरात ठेवावे आणि निम्मे फाटकावरील रक्षकाला, सफाई करणाऱ्या ताईंना, शेजारच्या बांधकामावरील वस्तीला सन्मानाने द्यावे. मुलांना त्या कामात सोबत घ्यावे. मेण किती, तेल किती, पाणी का नको, हे त्यांना हातांनी समजू द्यावे. खर्च फारसा नाही, वेळ एका दुपारचा. स्नेह या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच डबीत मावतात, हे त्या मुलांना कोणत्याही बौद्धिकाशिवाय कळेल.